शिलेदाराचा हिशेब

स्वयंपाकघरातल्या काट्यावर तलवार मावत नाही. म्हणून आमच्या रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला सुतळीने अडकवून मी ती तोलली. भरली एक किलो चारशे ग्रॅम. ज्या मूळ तलवारीची ती नक्कल होती, तिचं वजन किलोच्या आतबाहेर असायचं. ते जास्तीचं लोखंड कुठे दडलंय, हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली.

तलवार घ्यावी असं मनात आलं ते असईला जाऊन आल्यावर. जालना जिल्ह्यातलं हे गाव. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. इंग्रजांच्या बाजूने १९वी लाइट ड्रॅगून्स ही घोडदळाची पलटण होती आणि तिच्यासकट दौडत आलेला कर्नल मॅक्सवेल तिथेच पडला. मी चाळीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला. फळ्यावर या लढाईचे बाण किती वेळा काढले असतील. पण नदीकाठच्या त्या शेतात उभं राहिल्यावर वाटलं, घोड्यावरच्या माणसाच्या हातात काय होतं, ते कसं लागत असेल, हे आपल्याला ठाऊकच नाही. संग्रहालयात काच आडवी येते. खरी जुनी तलवार निवृत्तिवेतनात बसत नाही. मग उरते ती नक्कल, आणि माझ्याकडे बाजूला काढलेले नऊ हजार रुपये होते.

इंग्रजी हलक्या घोडदळाचा तेव्हाचा नमुना १७९६ सालचा. फ्लँडर्सच्या मोहिमेत स्वारांची हत्यारं इतकी बेढब होती, की घाव घालताना त्यांच्याच घोड्यांना इजा होई. हे पाहून आलेल्या जॉन गॅस्पार्ड ल मार्शां या अधिकाऱ्याने बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑस्बॉर्न या तलवार बनवणाऱ्याला हाताशी धरून नवा नमुना सिद्ध केला. साधारण ३३ इंचांचं चांगलं वाकलेलं पातं, टोकाकडे रुंद होत जाणारं, मधून रुंद पन्हळ, आणि बोटांवरून येणारी एकच साधी लोखंडी पट्टी. आपल्या तलवारीच्या वळणाशी त्याचं नातं डोळ्यांना लगेच जाणवतं.

पहिली तलवार मी शोभेच्या वस्तूंच्या एका दुकानातून घेतली. चकचकीत, आरशासारखी. अंगणात चार हात फिरवले आणि मूठ डगडगू लागली. मूठ उघडली, तर पात्याचा मुठीत शिरणारा शेवट पेन्सिलीएवढी बारीक सळई होती, मागाहून डाग देऊन जोडलेली. तसं हत्यार वेगाने फिरवताना तुटलं, तर पातं समोरच्या माणसाच्या दिशेने जातं. माझी नात तेव्हा ओट्यावर बसून पाहत होती. ती आठवण अजून अंगावर काटा आणते. भिंतीवर टांगायच्या वस्तूला तसं स्पष्ट सांगून विकावं, एवढीच माझी मागणी आहे.

ती तलवार घेऊन मी कोल्हापूरला मर्दानी खेळ शिकवणाऱ्या एका वस्तादांकडे गेलो. त्यांनी मूठ पाहिली नाही, धारेच्या बाजूवर बोट फिरवलं नाही. पातं आडवं धरून डोळ्यासमोर आणलं आणि म्हणाले, "सर, नुसतं वळण काय बघताय? पाठ बघा की." मी पाहिलं. मुठीपासून टोकापर्यंत पाठीची जाडी एकसारखी. पाच मिलिमीटर, तर पाचच.

दडलेलं लोखंड तिथे होतं. मूळ पात्याची पाठ मुठीजवळ आठ-नऊ मिलिमीटर असे आणि टोकाकडे उतरत दोनच्या आसपास येई. लोहार तापलेली कांब ठोकून ठोकून पुढे पातळ करत नेई. त्यामुळे रुंद टोकही मनगटाला जड होत नसे, आणि घाव मात्र नेमका तिथेच बसे. आजची स्वस्त नक्कल सपाट पत्र्यातून कापतात. बाजूने पाहिली तर रेघ अन् रेघ बरोबर. पण पाठ उतरवत न्यायची म्हणजे घासण्याचे तास वाढतात, तासांबरोबर किंमत वाढते. छायाचित्रात पाठ दिसत नाही, म्हणून काटछाट तिथेच होते. तेव्हापासून मी विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारू लागलो: मुठीजवळ जाडी किती, टोकाच्या चार बोटं अलीकडे किती? आकडे मिळाले नाहीत, तर पुढे बोलायचं नाही.

पोलादाचं वस्तादांनी सोप्या भाषेत सांगितलं. न गंजणारं स्टील सुरीला ठीक. एवढ्या लांब पात्याला ते ठिसूळ. ऊसतोडीचा चांगला कोयता ट्रकच्या पाट्याचा असतो, कारण ते पोलाद वाकतं आणि परत येतं. तलवारीलाही तोच गुण हवा. गंजेल, पण गंजणं आपल्या हातात आहे.

याच सुमारास कॅप्टन लुई नोलनचं घोडदळावरचं पुस्तक वाचलं. १८५३ सालचं. पुढल्याच वर्षी बालाक्लाव्हाच्या रणात हा माणूस मेला. हिंदुस्थानात असताना निजामाच्या घोडदळाच्या तलवारींनी केलेले भयंकर घाव त्याच्या कानावर आले. चौकशी केली, तर पाती निघाली इंग्रजांच्याच कोठारातून मोडीत काढलेली, ड्रॅगून्सची जुनी. या स्वारांनी ती नव्या मुठीत बसवली, वस्तऱ्यासारखी लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. लढाईखेरीज बाहेर काढायची नाहीत. इंग्रज शिपायाचं म्यान लोखंडी; कवायतीत तलवार सारखी आत-बाहेर होऊन तिची धार जाई.

हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. निजामाचं ते घोडदळ शिलेदारी पद्धतीचं. घोडा आपला, हत्यार आपलं, खर्च आपला. मराठी मुलुखाला ही व्यवस्था नवी नाही. बारगिराला घोडा सरकार देई, शिलेदार स्वतःचा आणी. म्हणजे ज्याला खिशातून पैसे मोजावे लागत होते, त्यानेच टाकून दिलेल्या पात्यात काय आहे ते ओळखलं. चकाकीवर आणि म्यानावर पैसे न घालवता त्याने ते पात्यावर घालवले. आठवडाभर माझ्या वहीत मी जो हिशेब मांडत होतो, तो त्याने माझ्याआधी करून ठेवला होता.

दुसरी तलवार डेहराडूनहून मागवली. तिथले कारखाने दूरदूरच्या देशांसाठी तलवारी बनवतात. आधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारून आलो. धारेची तलवार शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येते, म्हणून बोथटच घेतली. मला तिने काही कापायचं नाही. पाठ मुठीजवळ सात, टोकाकडे तीन. मूळ तलवारीइतकी नाही, पण उतरती आहे. पात्याचा शेवट मुठीतून आरपार जाऊन मागे ठोकून बसवलेला. ताणकाट्यावर एक किलो ऐंशी ग्रॅम. पैसे वाचवायला म्यान घेतलंच नाही. वस्तादांनी ती दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा हवेत नुसता आवाज आला, आणि काही न बोलता त्यांनी ती माझ्या हातात दिली.

रोज रात्री शिवणयंत्राचं तेल लावून ती सुती फडक्यात गुंडाळतो. परवा सुताराकडे घेऊन गेलो. त्याने शिवणीच्या दोन हलक्या फळ्या काढल्या, तलवार एका फळीवर आडवी ठेवली आणि कानावरची पेन्सिल घेऊन पात्याच्या वळणाने सावकाश रेघ ओढायला सुरुवात केली.