आधी पाण्याबाहेर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या आठवड्याच्या चिंतनाचा विषय थोडा अवघड आहे. घरातला पुरुष पितो, हे आपण सत्संगात उघडपणे बोलतो. बाई पिते, हे मात्र कोणी बोलत नाही. काजूचा हंगाम आला की पेडण्यात नि डिचोलीत हुर्राक घरापर्यंत पोचतो. कोणाचा नवरा जहाजावर, कोणाचा घरात असूनही बोलत नाही, कोणाचा हात उगारणारा. झोप यावी म्हणून घेतलेला एक घोट पुढे रोजचा होतो. मग तांदळाच्या डब्यात बाटली आणि तोंडात वेलची. घरचे म्हणतात, "तिला बरं नाहीये." आरतीला ती येईनाशी होते, आणि आपणही विचारत नाही.

भागवताच्या आठव्या स्कंधातला गजेंद्र आठवा. सगळ्या कळपात बलवान हत्ती. पाणी प्यायला सरोवरात उतरला आणि मगरीने पाय धरला. इतर हत्तींनी त्याला ओढून बघितलं, जमलं नाही. त्याची स्वतःची ताकदही संपत गेली. शेवटी सोंडेत कमळ धरून त्याने हाक मारली.

यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, गजेंद्राने लपवलं नाही. "माझ्याच्याने होत नाही" असं तो उघड म्हणाला. हीच शरणागती. अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्या माणसांनी एकमेकांना आधार देत 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' सुरू केलं. त्यांच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरीही हीच आहे, दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करणं. शरण जायचं ते देवाला. नवऱ्याच्या मारापुढे मान तुकवणं म्हणजे शरणागती नव्हे, आणि मार खात राहणं हे तपही नव्हे.

दुसरी गोष्ट. भगवंत आले तेव्हा त्यांनी आधी काय केलं बघा. मगरीसकट गजेंद्राला पाण्याबाहेर काढलं आणि मग चक्र चालवलं. आपण उलटं करतो. ती म्हणते, "ह्यांचं वागणं सुधारलं की मी सोडीन." तो म्हणतो, "तिने सोडली तर मी नीट बोलेन." दोघंही वाट बघतात आणि मगर पाय सोडत नाही. संसार सावरायचा की वेगळं व्हायचं, हे शुद्धीत राहून काही महिने गेल्यावर ठरवता येतं. आधी पाण्याबाहेर. मात्र घरात मारहाण होत असेल तर थांबायचं नाही. माहेरी किंवा विश्वासाच्या घरी जावं, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा.

आता कळकळीचं सांगणं. गुरुचरणी शपथ घ्यायला लावून तिला खोलीत कोंडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर हात थरथरतात, आकडी येते, भ्रम होतो, कधी जीवही जातो. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू तिला जास्त चढते आणि यकृतही लवकर बिघडतं. म्हणून डॉक्टर हवाच. बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय आहे, ज्याला आपण आयपीएचबी म्हणतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत नंबर आहे. देवाला गाऱ्हाणं जरूर घालावं, पण औषधही चुकवू नये. हरी गरुडावरूनच येईल असं नाही, तो डॉक्टरच्या हातानेही येतो.

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' उभं केलं. त्या कामाला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मोठा हात दिला. तिथे पुढे स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग निघाला. वेगळा का लागला? कारण बाईला दारूबरोबर लाजेचंही ओझं असतं. पुरुष पितो तेव्हा बायको त्याला उपचाराला घेऊन जाते. बाई पिते तेव्हा तिला माहेरी सोडून येतात.

घरच्यांनाही शिकावं लागतं. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' १९५१ साली सुरू झालं, ते याचसाठी. बाटल्या शोधणं, टोमणे मारणं, किंवा तिच्या वतीने खोटं बोलून झाकणं, यातलं काहीच तिला सांभाळणं नव्हे.

आम्ही सेवेकरी भगिनींनी ठरवलं आहे ते असं. कोणी उपचाराला गेली तर तिच्या मुलांचा डबा आम्ही बघू. परत आल्यावर तिला आरतीचं तबक देऊ, चौकशा करणार नाही. मध्येच घसरली तर "बघा, म्हटलं नव्हतं?" असं कोणी म्हणणार नाही. हा आजार परत डोकं वर काढतो, तेव्हा परत डॉक्टरकडे न्यायचं. आणि या ग्रुपवर कोणाचं नाव टाकायचं नाही. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी आमच्यापैकी कोणाशीही एकटीने बोलावं. ते आमच्यापाशीच राहील.

आज नामस्मरण झाल्यावर एक क्षण डोळे मिटून आठवा, आपल्या ओळखीतली कोण बरेच दिवस आरतीला दिसली नाही? उद्या तिच्या दारात जा.

सद्गुरुकृपेने सर्वांचं कल्याण होवो. 🙏
॥ शुभं भवतु ॥