हवेतली उडी

१९८१च्या 'डाँकी काँग' या व्हिडिओ गेममध्ये एकदा उडी मारली की मारली. हवेत गेल्यावर दिशा बदलता येत नसे. चार वर्षांनी, १९८५मध्ये, 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला आणि उडी खेळणाऱ्याच्या अंगठ्यात आली. बटण दाबून धरा, उंच जाल. लवकर सोडा, बुटकी उडी पडेल. हवेत असताना मागेही वळता येईल. कुठल्याही हाडामांसाच्या माणसाला असे जमत नाही. तरीही ती उडी आपल्याला आपली वाटते, कारण मनात आले आणि पडद्यावर घडले यांत अंतर उरत नाही.

अख्खा खेळ ४० किलोबाइटांत मावलेला. शिकवणीची पाटी कुठेही नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर कॅसेट खोचून मुले तो खेळली, तीही माहितीपुस्तक न वाचता. खेळाचे रचनाकार शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी शिकवण जमिनीच्या रचनेतच पेरली होती. पहिल्याच टप्प्यात समोरासमोर दोन जिने येतात आणि मधल्या फटीत जमीन असते. उडी फसली तर खाली पडायचे आणि पुन्हा वर चढायचे, इतकेच. थोडे पुढे तसेच दोन जिने दिसतात. या वेळी मध्ये खड्डा. तोवर अंगठ्याला अंतर कळलेले असते. चुकायला आधी सुरक्षित जागा देणारा असा गुरू वर्गातही विरळाच भेटतो.

२०१८च्या 'सेलेस्ट'ने ही माया आणखी खोल नेली. हा खेळ फार अवघड आहे, शेकडो वेळा मरायला लावतो. पण कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणाचा काही अंश तो उडी मान्य करतो. जमिनीला पाय लागण्याच्या किंचित आधी बटण दाबले, तरी ते वाया जात नाही. काहींना ही फसवणूक वाटते. मला ती न्यायबुद्धी वाटते. डोळा आणि अंगठा यांच्यात थोडा उशीर व्हायचाच; खेळ त्या उशिराची शिक्षा देत नाही, हेतू ओळखतो. अवघड असणे वेगळे आणि अन्यायी असणे वेगळे. लपवलेले सापळे रचून मारणारे खेळ हा फरक विसरतात, म्हणून ते लवकर नकोसे होतात.

घरातले लहान मूल मारिओ पहिल्यांदा खेळत असेल, तर शेजारी बसा. पण 'आता उडी मार' म्हणून सांगू नका. त्या पहिल्या दोन जिन्यांमध्ये त्याला एकदा पडू द्या.