‘घडले ते घडले’ म्हणजे काय?

आमच्या खेड्यापाड्यांत कोणावर मोठे संकट गुदरले म्हणजे समाचारास येणाऱ्यांच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असते : “घडले ते घडले, आता मनाला लावून घेऊ नका.” बैल मेला तरी हेच, जमीन कालव्यात गेली तरी हेच, घरचा कर्ता मुलगा गेला तरीही हेच. वाक्य लहान आहे, आणि बोलणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. तथापि ह्या वाक्याचा खरा अर्थ काय, आणि ते कोणी व केव्हा उच्चारावे, ह्याचा विचार आपण फारसा करीत नाही. आम्हीही पुष्कळ दिवस केला नव्हता. एका वृद्ध गवंड्याने तो आम्हांस करावयास लावला. तोच विचार आज वाचकांपुढे, व विशेषेकरून दुःखिताच्या दारी नेहमी जावे लागणाऱ्या आमच्या प्रचारक बंधूंपुढे, ठेवावा असे आम्हांस वाटते.

सन १९९३ च्या सप्टेंबरची ३० तारीख होती. गणपतीचे विसर्जन करून लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांतील गावे उशिरा निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या आसपास भूमी हादरली. धक्का काही क्षणांचाच होता. परंतु तेवढ्या अवधीत गावेच्या गावे ढिगारा होऊन गेली, आणि आठ ते दहा हजार माणसे दगडमातीखाली सापडून मरण पावली. आम्ही त्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यात शाळेत शिकत होतो. गुरुजींनी वर्गात एकेक रुपया गोळा केला, एवढेच आम्हांस त्या दिवसांचे आठवते.

जी गावे सर्वस्वी उद्ध्वस्त झाली होती अशी ५२ गावे पुढे नव्या जागी वसविण्यात आली. ज्याच्या नावे जेवढी जमीन, त्या मानाने २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांचे पक्के घर त्यास मिळाले. रस्ते सरळ व रुंद झाले. हे उपकार मोठेच होते, आणि ते कोणी नाकारीत नाही. परंतु जुन्या गावाच्या अरुंद बोळांत एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर जे बोलणे होत असे, ते ह्या रुंद रस्त्यांवर होईना. कोणाचे शेत दूर पडले, कोणाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार तुटला. कित्येकांस तर छपराखाली निजण्याचेच भय वाटू लागले. पक्क्या घरात धान्य व कडबा ठेवावा, आणि आपण मात्र बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये अंग टाकावे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला.

सेमिनरीतील अभ्यास संपवून आम्ही त्या भागात सेवेस गेलो तेव्हा भूकंपास बारा वर्षे लोटली होती. अशाच एका नव्या गावी मंडळीतील एका कुटुंबाच्या शेजारी तो गवंडी राहत असे. भूकंपात त्याची बायको व धाकटा मुलगा ही दोघे गेली होती. तो स्वतः त्या रात्री पिकाच्या राखणीस शेतात होता, म्हणून वाचला. रोज सकाळी तो चालत जुन्या गावाच्या जागी जाई, आपल्या घराच्या ढिगाऱ्यापाशी बसे, आणि दुपारी परत येई. त्याने बारा वर्षांत थापीला हात लावला नव्हता. शेजारी म्हणत, म्हाताऱ्याचे डोके फिरले आहे. पाळकसाहेब, तुम्ही तरी दोन शब्द सांगा.

आम्ही पंचवीस वर्षांचे होतो, आणि पुस्तकी सांत्वन आमच्यापाशी भरपूर होते. आम्ही त्यास म्हणालो, “बाबा, घडले ते घडले. देवाची इच्छा होती. आता विसरले पाहिजे.”

त्याने आमच्याकडे पाहिले, आणि सावकाश म्हणाला, “साहेब, भिंत देवानं नव्हती बांधली. ती म्या बांधली. आन्‌ त्या गल्लीतल्या आणखी सात घरांच्या बी म्याच बांधल्या.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. चहा आला, तो घेऊन आम्ही उठलो. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. ज्याला आम्ही दुःख समजत होतो ते नुसते दुःख नव्हते; तो एक प्रश्न होता, आणि बारा वर्षांत तो कोणी ऐकूनही घेतला नव्हता. आम्हीही त्यावर ‘देवाची इच्छा’ हे झाकण ठेवून मोकळे होऊ पाहत होतो.

ती भिंत कशी असे, हे त्या भागातील मनुष्यास सांगावयास नको, इतरांसाठी सांगतो. आतून व बाहेरून दगडांचा एकेक थर लावावा, आणि मधली पोकळी चिखलाच्या गाऱ्याने व बारीक गोट्यांनी भरावी. अशी दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही जाड भिंत होई. वर लाकडे टाकून त्यांवर मातीचे माळवद करीत. पावसाळ्यात ते गळू लागले की आणखी माती टाकीत. पुन्हा गळले की पुन्हा टाकीत. असे घर उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, आणि गरिबास परवडणारे असे. परंतु भिंतीचे आतले व बाहेरचे अंग बांधून धरणारा आरपार दगड मध्ये नसला, म्हणजे जमीन हलताच ती दोन अंगे एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते व ढासळते, आणि वरचा मातीचा भार निजलेल्या माणसांवर येतो. भूमी हादरली हे खरे. पण माणसे भूमीने मारली नाहीत, घरांनी मारली. हे त्या गवंड्यास कोणत्याही इंजिनिअराआधी कळले होते.

ह्या ठिकाणी मनुष्य दोन चुका करतो, आणि दोन्ही सत्याविरुद्ध आहेत.

पहिली चूक ही की, जे घडले ते सगळेच्या सगळे देवावर किंवा नशिबावर टाकावयाचे. हिला आपण नम्रता म्हणतो. परंतु पुष्कळदा ती नम्रता नसून आळस असतो. भिंत पडली ती देवाच्या इच्छेने, असे एकदा ठरविले, म्हणजे पुढची भिंतही तशीच बांधण्यास आपण मोकळे होतो. दूषित पाण्याने मूल दगावले आणि आपण ‘आयुष्य तेवढेच होते’ असे म्हटले, तर विहिरीजवळचा उकिरडा कोण हलविणार? शिवाय ह्या बोलण्यामागून एक दुसरे, अधिक क्रूर बोलणे येते : ज्याअर्थी त्यांच्यावरच कोसळले, त्याअर्थी त्यांचेच काही पाप असले पाहिजे. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे दडपून मेली तेव्हा लोकांच्या मनात हेच आले होते, असे लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायावरून दिसते. आणि ती अठरा माणसे इतरांहून अधिक अपराधी नव्हती, असे प्रभूने त्यांस स्पष्ट सांगितले. तो बुरूज पडलाच कसा, हे विचारण्याची मनाई मात्र त्याने कोठेही केलेली नाही.

दुसरी चूक ह्याच्या उलट. जे घडले ते सगळेच्या सगळे आपल्याच डोक्यावर घ्यावयाचे. कोणी म्हणेल, ही तर मनाची प्रामाणिकता आहे. होय, तिचा आरंभ प्रामाणिकपणात होतो. पण तिचा शेवट असत्यात होतो. त्या गवंड्याने भिंत बांधली हे खरे. पण ती त्याने आपल्या बापाने शिकविली तशी बांधली, आणि भोवतालचा सगळा मुलूख तशीच बांधीत होता. त्या वेळच्या भूकंपविषयक सरकारी नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या भागात दाखविलेला होता; नकाशातील तो भागच पुढे २००२ साली रद्द करण्यात आला. आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीस लहान लहान धक्के बसले होते आणि लोक घाबरलेही होते. पुढे धक्के ओसरले, तशी भीतीही ओसरली. कोणता लहान धक्का मोठ्या धक्क्याची वर्दी आहे, हे आधी सांगण्याची विद्या आजही मनुष्यास साधलेली नाही. जे शहाण्यांस ठाऊक नव्हते ते ठाऊक असावयास हवे होते, असा दोष एका खेडवळ गवंड्याने स्वतःस द्यावा, हा न्याय नव्हे.

तर मग खरा स्वीकार कोणता? आम्हांस असे वाटते की, घडलेल्या गोष्टीचे वाटे खरेपणाने करणे आणि ज्याचा वाटा त्यास देणे, हाच तो होय. भूमीचा वाटा भूमीस, रूढीचा रूढीस, अज्ञानाचा अज्ञानास. आणि आपल्या हाताचा जो काही लहानमोठा वाटा असेल तो आपणांस, त्याहून कमी नको आणि अधिकही नको. जो हा हिशेब करीत नाही त्याचे खाते मिटत नाही, मग वरवर तो कितीही शांत दिसो.

आणि हा हिशेब योग्य वेळीच होतो. मूल आजारी असताना दावीद राजा उपाशी भूमीवर पडून प्रार्थना करीत राहिला. ते गेल्याचे कळताच तो उठला, स्नान केले, आणि जेवला. सेवकांस हे उलटे वाटले. पण उपाय शेष आहे तोवर झटावे, आणि तो संपला म्हणजे सत्यापुढे उभे राहावे, हाच सरळ क्रम आहे. आपण पुष्कळदा झटण्याच्या वेळी ‘मान्य करतो’ आणि मान्य करण्याच्या वेळी झगडतो. तापाने फणफणलेल्या मुलास दवाखान्यात न नेता नशीब मानणे हा स्वीकार नव्हे.

काही महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या वृद्धाकडे गेलो. ह्या वेळी उपदेश केला नाही, त्यासच विचारले, “बाबा, भिंत बांधायला तुम्हांला कोणी शिकविले?”

“बापानं.”

“आणि त्यांना?”

“त्याच्या बापानं.”

“आरपार दगड घाला, असे त्यांतल्या कोणी सांगितले होते काय?”

तो पुष्कळ वेळ बोलला नाही. मग “न्हाई” एवढेच म्हणाला, आणि रडू लागला. बारा वर्षांत ह्यास रडताना आम्ही पाहिले नव्हते, असे शेजारी मागाहून म्हणाले.

पुढील उन्हाळ्यात त्याचा पुतण्या गुरांसाठी दगडमातीचा गोठा बांधू लागला. म्हातारा उठून तेथे गेला आणि दिवसभर उन्हात उभा राहिला. भूकंपानंतर गवंड्यांस शिकविण्यास जे लोक आले होते त्यांचे बोलणे त्याने ऐकून ठेवले होते, फक्त कोणास सांगितले नव्हते. दर चार फुटांवर एक आरपार दगड, दोन फूट उंची झाली की पुन्हा तसेच. एक दगड आखूड लागलेला दिसला तेव्हा त्याने तो काढावयास लावला, आणि शेवटी पोराच्या हातची थापी घेऊन स्वतः बसविला.

सगळे सुरळीत झाले असे सांगून आम्ही वाचकांस फसविणार नाही. पक्क्या घरात तो अखेरपर्यंत निजला नाही. जुन्या गावीही तो जात राहिला. मात्र रोज नव्हे, सप्टेंबरच्या त्या तारखेस. काही वर्षांपूर्वी तो वारला. त्याच्या हाताखाली बांधलेला गोठा उभा आहे.

म्हणून प्रचारक बंधूंस आमची विनंती आहे. दुःखिताच्या घरी गेल्यावर ‘घडले ते घडले’ हे वाक्य आधी बोलू नका. ते त्याच्या तोंडून यावयाचे आहे, आपल्या नव्हे. आधी बसा. काय घडले ते त्यास सांगू द्या, आणि तो दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा सांगू लागला तरी ऐका. त्याने आपल्या वाट्याहून अधिक दोष घेतला असेल तर तो हळूच उतरवा. कमी घेतला असेल तर घाई करू नका, त्यासही वेळ लागतो. आणि जे स्वतः अशा अवस्थेत आहेत, ज्यांचे गाव पाण्याखाली गेले, ज्यांची लेकरे पोटासाठी पुण्यामुंबईस जाऊन परत आली नाहीत, ज्यांची दृष्टी किंवा हातपाय गेले, त्यांस आम्ही विसरा असे म्हणत नाही. जे गेले त्यास गेले म्हणा, जे आपल्याकडून चुकले त्यास चुकले म्हणा, जे आपल्या हाती नव्हते त्यास तसे म्हणा. आणि मग उद्या सकाळी जी भिंत बांधावयाची आहे तीत एक आरपार दगड घाला.