खरवडलेला रंग

पाऊस ओसरला, की आमच्या बेळगावात घराघरांतून पॉलिश पेपरची खरखर ऐकू येऊ लागते. चार महिन्यांच्या पावसात दारे-खिडक्यांच्या जुन्या रंगाला पोपडे धरलेले असतात. ते खरवडायचे, लांबी भरायची आणि दिवाळीच्या आत नवा हात मारून मोकळे व्हायचे. खाली पडलेला भुगा झाडून अंगणाच्या कडेला लोटला जातो, आणि त्याच अंगणातली माती कालवून मुले किल्ला करतात. हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आलो. त्यात काही वावगे आहे, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

ऑईल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या आणि नारिंगी रंगांत, वर्षानुवर्षे शिशाची संयुगे घातली जात. त्यांनी रंग खुलतो, लवकर वाळतो, ऊनपावसात टिकतो. (आपण देवाला फासतो तो पारंपरिक शेंदूरही शिशाचाच, तेव्हा जुने ते सगळे निर्मळ, असेही समजायला नको.) हे शिसे पोटात गेले, की शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत साठवून ठेवते. लहान मुले ते मोठ्या माणसांच्या चार-पाच पट शोषून घेतात. त्यांच्या रक्तात ते अमुक इतके असले तर चालेल, असे सुरक्षित प्रमाणच जागतिक आरोग्य संघटनेला सांगता आलेले नाही. मूल मरत नाही. त्याचे लक्ष लागत नाही, ते चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते. अशा मुलांना आम्ही शिक्षक काय काय म्हणत आलो, ते येथे लिहिण्याची गरज नाही.

ही माहिती काल-परवाची असती, तर प्रश्न सोपा होता. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ साली लिहून ठेवले, की मुलांच्या विषबाधेचे मूळ घराच्या रंगवलेल्या कठड्यांत आणि भिंतींत आहे. १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरातील रंगकामात शिशाच्या सफेद्यावर बंधने घालणारा करार केला. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर बंदी आणली १९७८ साली. आपल्याकडे दहा लाख भागांत ९० भाग ही सक्तीची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. १९०४ ते २०१७, म्हणजे एकशे तेरा वर्षे.

या वर्षांपैकी एक माझे आहे. १९९६ साली मी नवखा शिक्षक होतो. शाळेचा समारंभ तोंडावर आला होता, पैसे नव्हते. मी आठवीच्या मुलांना श्रमदानाला जुंपले. दोन दिवस त्यांनी पिवळ्या खिडक्या कोरड्या पॉलिश पेपरने घासल्या. तोंडे इतकी पिवळी झाली, की जेजुरीहून भंडारा उधळून आलात काय रे, म्हणून आम्ही हसलो. तशाच हातांनी त्यांनी चिवडा खाल्ला. त्या रंगात शिसे होतेच, असे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण नव्हते, असे मानायलाही आधार नाही.

मग मी दोषी की नाही? डब्यावर लिहिले नव्हते आणि मी विचारले नव्हते. यांतला पहिला दोष बनवणाऱ्याचा, त्याला ठाऊक होते. दुसऱ्याचे काय? प्रत्येक डब्याची चौकशी करत बसलो तर संसार चालायचा नाही, हेही खरे. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात एक बारीक भेद केला आहे. अज्ञानाने चूक केलेल्या माणसाला ती कळल्यावर दुःख झाले, तरच ते कृत्य त्याच्या इच्छेविरुद्ध घडले म्हणावे. दुःखच झाले नाही, तर तसे म्हणता येत नाही. एम. ए. ला असताना हा मला शब्दच्छल वाटला होता. आता वाटत नाही.

गेल्या मे महिन्यात पुन्हा रंगकाम निघाले. नवा डबा शिसेविरहित मिळतो. पण कायदा नव्या डब्याला लागू, खालचे जुने थर जागच्या जागी आहेत. मी म्हटले, रंग ओला करूनच घासायचा, खाली प्लॅस्टिक अंथरायचे, भुगा गोळा करून पिशव्यांत बांधायचा, आणि हे सारे सुट्टीतच उरकायचे. खर्च वाढला. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, ''सर, इतकी वर्षे घासतोच आहोत की! कोण मेलं?'' कोणी मेले नाही, हीच तर अडचण आहे. मेले असते, तर १९०४ लाच थांबले असते.

त्या आठवीतल्या एका मुलाची मुलगी आता आमच्याच शाळेत सहावीत आहे. दसऱ्याच्या सुमारास तो भेटायला आला होता. नव्या खिडक्यांकडे पाहत म्हणाला, ''सर, आठवतंय ना श्रमदान? काय मजा आली होती!'' मी हो म्हणालो आणि चहा मागवला. इतक्या वर्षांनी सांगून त्याला काय उपयोग, असे तेव्हा वाटले. तो गेल्यावर वाटले, की त्याला न विचारता हे ठरवणारा मी कोण? त्याचा नंबर कार्यालयात आहे. अजून फोन केलेला नाही.