एकाच टेबलावरच्या दोन प्रती

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे दप्तर जिन्याखालच्या खोलीत असो वा सचिवांच्या घरच्या संगणकात, त्याच्या आवराआवरीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: हार्ड डिस्क आता स्वस्त झाली आहे, मग जुने फोल्डर काढण्याची खटपट हवी कशाला? प्रश्न केवळ जागेचा असता, तर हे म्हणणे मान्य करून विषय संपवता आला असता. परंतु एकाच संगणकावर ‘सोसायटी’, ‘सोसायटी नवीन’, ‘सोसायटी - कॉपी’ आणि ‘जुन्या कमिटीकडून’ असे चार फोल्डर शेजारीशेजारी नांदू लागतात, तेव्हा जागा भरपूर शिल्लक असते आणि तरीही या चारांपैकी खरी सभासद यादी कोणत्या फोल्डरात आहे, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

हे फोल्डर साठतात कसे, हे नव्याने सांगण्याची गरज नाही. व्यवस्थापक समितीची मुदत पाच वर्षांची असते. जाणारे सचिव सगळे दप्तर पेनड्राइव्हवर उतरवून देतात, येणारे सचिव मुळाला हात लावायला नको म्हणून त्याची आणखी एक प्रत काढतात आणि लेखापरीक्षकासाठी तिसरी निघते. प्रत निघते त्या क्षणी सर्व फोल्डर तंतोतंत सारखे असतात, आणि अनर्थाचे मूळ याच सारखेपणात आहे, कारण त्यानंतर एखाद्या सदनिकेची विक्री झाली की नव्या सभासदाचे नाव एका यादीत चढते व दुसरीत चढत नाही. नौपाड्यातील किंवा डोंबिवली पूर्वेतील चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची इमारत पुनर्विकासाला निघते, अथवा १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे विकासकाने करून न दिलेली जमिनीची मालकी संस्थेच्या नावे करून घेण्यासाठी, अर्ज करायचा असतो, तेव्हा या दोन याद्या समोरासमोर येतात. स्वस्त हार्ड डिस्कचा हिशेब मांडणाऱ्यांनी या प्रसंगाची किंमत त्यात कधी धरलेली नसते.

दुबार फोल्डर शोधण्याची तांत्रिक रीत अवघड नाही. प्रोग्राम प्रथम समान आकाराच्या फाइली वेगळ्या काढतो, कारण ज्यांचा आकारच वेगळा त्या एक असूच शकत नाहीत. मग प्रत्येकीचा हॅश काढतो. हॅश म्हणजे फाइलमधील सर्व बाइटांवर ठरावीक गणिती प्रक्रिया करून मिळणारी ठरावीक लांबीची खूण. एका अक्षराचा फरक पडला तरी ती पूर्णपणे पालटते. ही खूण मुद्दाम फसवता येते, हे २०१७ साली ॲमस्टरडॅममधील सीडब्ल्यूआय संस्थेच्या आणि गूगलच्या संशोधकांनी ‘शा-१’ या पद्धतीची एकच खूण असलेल्या दोन भिन्न पीडीएफ फाइली तयार करून दाखवले; म्हणून आता ‘शा-२५६’ वापरावी, आणि काढण्यापूर्वी दोन्ही फाइली बाइटगणिक ताडून पाहाव्यात, हे उत्तम. फोल्डरसाठी याच्या पुढची एक पायरी लागते: आतील प्रत्येक फाइलचे नाव व खूण एकत्र करून त्यांची मिळून एक खूण काढली जाते, उपफोल्डरांच्या खुणा वरच्या फोल्डरच्या खुणेत मिसळल्या जातात, आणि अशा रीतीने शेंड्याकडून मुळाकडे येत संपूर्ण फोल्डरची एकच खूण तयार होते. राल्फ मर्कल यांनी १९७९ साली मांडलेल्या कल्पनेचाच हा उपयोग आहे.

तथापि या रीतीच्या लेखी सारखेपणा फार कडक असतो. जुन्या विंडोजने छायाचित्रांच्या फोल्डरात आपण होऊन ठेवलेली ‘थम्स डॉट डीबी’ ही लहानशी फाइल एका प्रतीत असली आणि दुसरीत नसली, तरी दोन्ही फोल्डर भिन्न ठरतात. उलट सगळे रिकामे फोल्डर मात्र एकमेकांचे जुळे निघतात. मराठीत नावे देणाऱ्यांची याहून सूक्ष्म अडचण आहे. ‘भाडेकऱ्यांची यादी’ या नावातील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा जोडीने, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि दोहोंना धरून ठेवणारा अदृश्य जोडक वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. विंडोजला मात्र ती तीन निराळी नावे वाटतात आणि ती एकाच ठिकाणी सुखेनैव राहू शकतात. म्हणजे डोळ्यांना जे एक दिसते ते यंत्राला अनेक दिसते, आणि सचिवाच्या हातून चूक होते ती नेमकी येथे.

येथवरचा युक्तिवाद सरळ ‘सर्व दुबार फोल्डर काढून टाका’ या निष्कर्षाकडे जातो असे दिसते. परंतु त्याआधी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो आणि तो संगणकाहून बराच जुना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पुरे केले. त्या कामाला शिस्त लावणारे विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे एकाच ग्रंथाची शेकडो हस्तलिखिते होती, पण कोणता पाठ बरोबर हे त्यांनी डोकी मोजून ठरवले नाही. एका उपलब्ध प्रतीवरूनच उतरवलेल्या दहा प्रती असल्या तरी पाठचिकित्सेत त्या दहांची साक्ष एकच धरली जाते, कारण त्या मुळाची चूकही जशीच्या तशी उचलतात. मात्र काश्मीरकडील शारदा लिपीतील प्रत आणि केरळातील मल्याळम लिपीतील प्रत, ज्यांचा परस्परांशी संबंध येण्याचा संभव फारच थोडा, त्या जेथे एकमुखाने बोलतात तेथे तो पाठ प्राचीन मानण्यास बळकट आधार मिळतो. प्रतीचे मोल तिच्या मजकुरावर जितके, तितकेच ती कोणाच्या हाती व कोठे वाढली यावर असते, हे तत्त्व या ग्रंथकार्याने मराठी विद्वत्तेच्या अंगी मुरवले. दप्तर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने त्याची ओळख करून घ्यावी इतके ते मोलाचे आहे.

कल्याण-डोंबिवलीतील अलीकडचे एक प्रकरण याच तत्त्वाची कठोर परीक्षा ठरले. महानगरपालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून ६५ इमारतींसाठी महारेरा या नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी मिळवण्यात आली. त्या परवानग्यांना महापालिकेच्या स्वतःच्या दप्तरात मूळच नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि घर घेतलेल्या कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. अशा परवानगीची प्रत ग्राहकाकडे, बँकेकडे आणि नियामकाकडे असली, तरी तिन्ही एकाच बनावट कागदाच्या लेकी असल्यामुळे तिघींची मिळून साक्ष शून्य होती. महापालिकेचे स्वतंत्र दप्तर वेळीच ताडून पाहिले गेले असते, तर तेथील नोंदीच्या अभावानेच सगळे उघडे पडले असते.

तेव्हा ‘काढू नका’ म्हणणाऱ्या पक्षाची एक गोष्ट मान्य करावी लागते: प्रती असाव्यात, आणि त्या असण्याला कारण आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण आणि बदलापूरच्या परिसरात पाणी घरात शिरले, तेव्हा एकाच कपाटातील मूळ आणि नक्कल या दोघी एकाच वेळी भिजल्या. त्यांना दोन प्रती म्हणणे व्यर्थ होते. म्हणून सुरुवातीचा निष्कर्ष येथे बदलावा लागतो. एकाच ताब्यातील, एकाच डिस्कवरील दुबार फोल्डर काढलेच पाहिजेत, पण डिस्क मोकळी व्हावी हा त्याचा हेतू नाही. दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्या जागी ठेवण्यासाठी नि:संदिग्ध अशी एक प्रत तयार व्हावी, हा आहे. चार परस्परविरोधी फोल्डरांची प्रत दुसऱ्या गावच्या सभासदाकडे ठेवली, तर घोळच सुरक्षित राहतो. स्वस्त जागेचा युक्तिवाद फसतो तो याच ठिकाणी. त्याला साठवण आणि जतन यांतील अंतर दिसत नाही.

काढतानाही फोल्डरची जागा हीच एक माहिती असते, हे विसरून चालत नाही. एकच करारनामा ‘सदनिका विक्री’ या फोल्डरात आणि ‘न्यायालय’ या फोल्डरात सापडला, तर हॅशच्या दृष्टीने दुसरा अनावश्यक आहे. परंतु तो न्यायालयात सादर झाला होता ही गोष्ट दुसऱ्या ठिकाणच्या त्याच्या असण्यानेच कळत होती. म्हणून काढलेल्या प्रत्येक फाइलचा मूळ मार्ग लिहून ठेवल्याशिवाय ती काढू नये, आणि ती यादी संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या हाती न राहता समितीच्या इतिवृत्तात जावी.

राहता राहतात ते जवळजवळ सारखे फोल्डर, आणि दप्तराचा खरा धोका त्यांच्यातच आहे. तंतोतंत सारखे ते यंत्र शोधते, पूर्ण वेगळे ते कोणीही ओळखते. पण तीनशे फाइलींपैकी दोनच भिन्न असलेले दोन फोल्डर यंत्र फार तर शेजारी मांडून दाखवू शकते. त्या दोन फाइलींतील कोणती नोंद खरी, हे बदलाच्या तारखेवरून ठरत नाही, कारण नंतरची नोंद चुकीची असू शकते. वारसाचे नाव कोणत्या बैठकीत मंजूर झाले होते आणि कोणते नुसतेच टंकून ठेवले होते, हे त्या काळी सचिव किंवा खजिनदार असलेल्या माणसालाच माहीत असते. या शहरांतील जुन्या संस्था उभ्या करणारी ती पिढी आता वार्धक्यात आहे, आणि पुनर्विकासाच्या ठरावाची सभा बोलावण्यापूर्वी तिला संगणकाशेजारी बसवून हे दोन फोल्डर ओळीओळीने ताडून घेणे बहुतेक संस्थांना अजून शक्य आहे.