चौतीस रुपयांचा सिनेमा

२००७ साली मोझर बेअर कंपनीने सिनेमाच्या डीव्हीडी अवघ्या ३४ रुपयांत विकायला काढल्या. तोवर एका डीव्हीडीला काहीशे रुपये मोजावे लागत. भाव एका फटक्यात खाली आला. मग सिनेमाचं मोलही उतरलं का? सुरतेत जन्मलेल्या हरिहर जरीवाला ऊर्फ संजीवकुमारने ‘कोशिश’मध्ये (१९७२) शब्दाविना जे सांगितलं, ते स्वस्त डिस्कवरून आणि महागड्या संचातून सारखंच काळजाला भिडतं.

हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या सुरतेला भावाचं गणित शिकवावं लागत नाही. खाणीतला हिरा कार्बनचा, प्रयोगशाळेत घडवलेलाही कार्बनचाच. साध्या भिंगाखाली दोन्ही सारखे दिसतात, फरक ओळखायला यंत्र लागतं. तरी भावात जमीन-अस्मानाचं अंतर. फरक दुर्मिळतेचा. अभिजात सिनेमांचे डीव्हीडी-संचही याच नियमाने विकले जातात. मिळत असतात तोवर सवलतीतही पडून राहतात. नवे निघायचे थांबले की संग्राहक दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात.

जैन परंपरा, जिची मुळं सुरतेत खोल आहेत, भाव आणि मोलाच्या या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहते. अपरिग्रह हे तिचं पाचवं व्रत. तत्त्वार्थसूत्राच्या मते परिग्रह वस्तूच्या ढिगात नसतो, तिच्यात अडकलेल्या मनात असतो. हा निकष लावला तर घरात एकही डिस्क नसलेला, पण रोज नवं काही पाहिल्याशिवाय चैन न पडणारा प्रेक्षक अपरिग्रही ठरत नाही. आणि कपाटभर संच निगुतीने सांभाळणारा केवळ तेवढ्यामुळे लोभी ठरत नाही.

याच परंपरेने ग्रंथ मात्र हौसेने साठवले. पोथीची नक्कल करवून ती साधूंना अर्पण करणं पुण्याचं मानलं. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, पोथ्या बाहेर काढतात, धूळ झटकतात, कसर लागली आहे का ते पाहतात आणि मग पूजा करतात. सुरतेच्या शेठ देवचंद लालभाई जैन पुस्तकोद्धार फंडाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जुने ग्रंथ छापून काढले. प्रती वाढल्या म्हणून पोथीचं मोल घटलं, असं कुणाला वाटलं नाही.

मग ३४ रुपये हाच न्याय्य भाव म्हणायचा का?

तसंही नाही. सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या. इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्या ठिसूळ, करपलेल्या फिती हाताने सांधल्या आणि २०१५ साली तिन्ही सिनेमे नव्या झळाळीने परतले. त्यानंतर निघालेल्या संचाच्या किमतीत हे कष्टही धरलेले असतात. ते ३४ रुपयांत बसत नाहीत. कष्ट कुणीच घेतले नाहीत तर काय होतं, हे ‘आलम आरा’ने दाखवलं आहे. १९३१ च्या त्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उरलेली नाही.

म्हणजे जपणुकीसाठी घेतलेली किंमत रास्त; टंचाईपोटी चढलेली किंमत सिनेमाच्या गुणात काहीच भर घालत नाही. दुर्मिळ संच ज्याच्या कपाटात आहे, तो गांधीजींच्या अर्थाने त्याचा विश्वस्त असतो, सर्वांच्या वतीने तो सांभाळणारा. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुराने बहुतेक सुरत पाण्याखाली गेलं होतं. एकाच घरात ठेवलेल्या एकुलत्या एका प्रतीचा भरवसा किती, हे या शहराला सांगायला नको.

विश्वस्ताला करण्यासारखं बरंच आहे. भारतीय कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे प्रभातच्या ‘संत तुकाराम’वर (१९३६) ती आडकाठी उरलेली नाही. सुरतेच्या उधना, लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. ज्यांच्याकडे या सिनेमाची चांगली प्रत असेल, त्यांनी तिची नक्कल एखाद्या एकादशीला वस्तीतल्या मंडळाच्या हवाली करावी आणि एक प्रत शहराच्या नर्मद ग्रंथालयाला देऊ करावी.