क्षणाचे वाचन आणि ज्ञानाचे प्रामाण्य

झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरते, या प्रश्नावर मीमांसक सांगतात की ज्ञान उपजतच प्रमाण असते आणि त्याच्या कारणातला दोष किंवा त्याला खोडणारे दुसरे ज्ञान पुढे येईपर्यंत ते तसेच मानावे, तर नैयायिक त्याचे खरेपण त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या सफलतेवरून अनुमानतात. महापे, रबाळे, ऐरोली या नवी मुंबईच्या पट्ट्यातील डेटा सेंटरांत अहोरात्र चालणाऱ्या सर्व्हरांपुढे हाच प्रश्न ‘आत्ता किती वाजले’ एवढ्या साध्या रूपात सतत उभा राहतो.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात, आणि टायमर ज्या संकेताने प्रोसेसरचे चालू काम थांबवून कर्नलला काळाची नोंद पुढे सरकवायला लावतो, तो इंटरप्ट होय. लिनक्समध्ये हे ठोके सेकंदाला 100, 250 किंवा 1000 ठेवता येतात. 32 बिटांच्या यंत्राला ठोक्यांची 64 बिटांची गणती दोन अर्ध्यांत वाचावी लागते; खालचा अर्धा काठोकाठ भरलेला असताना वाचला गेला आणि वरचा वाचण्याआधी ठोका पडला, तर सेकंदाला 100 ठोक्यांच्या हिशेबाने जुळवलेला काळ सुमारे 497 दिवस पुढचा निघतो. दोन्ही अर्धे आपापल्या क्षणी खरेच असतात, पण दोन क्षण एकत्र नांदत नाहीत, हे योगसूत्रांवरील व्यासभाष्याचे म्हणणे येथे अक्षरशः प्रत्ययास येते. घटनांच्या क्रमावर निकाल डळमळण्याच्या या दोषाला रेस कंडिशन म्हणतात.

यावर योजलेला उपाय असा की काळ बदलणारा भाग बदलाआधी आणि बदलानंतर एक क्रमांक वाढवतो, आणि वाचणारा तो क्रमांक वाचनाच्या दोन्ही टोकांना पाहतो. क्रमांक विषम असेल, म्हणजे बदल अजून अर्धवट असेल, किंवा तो मध्येच बदलला असेल, तर वाचन टाकून देऊन पुन्हा वाचतो. आजच्या 64 बिटांच्या सर्व्हरांतही सेकंद आणि त्याचे अंश वेगवेगळे साठवलेले असल्याने हीच रीत लागते. येथे मिळालेला काळ दुसऱ्या घड्याळाशी ताडला जात नाही, केवळ त्याला खोडणारे काही (बाधक) नाही एवढेच पाहिले जाते, म्हणून ही रीत मीमांसेच्या जवळची आहे. पडताळणीलाही पडताळणी लागली तर त्याला अंत उरत नाही, हा मीमांसकांचा अनवस्थेचा आक्षेप येथे थांबतो तो क्रमांक एका अखंड क्रियेत वाचता येतो म्हणून, आणि हे उत्तर तात्त्विकदृष्ट्या फार मोलाचे वाटते.

तरीही नैयायिकांचा पक्ष संपत नाही. 1 जुलै 2012 रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला जागतिक काळात एक सेकंद वाढवला गेला, तेव्हा कर्नलमधील टायमरांचा हिशेब घड्याळापासून एका सेकंदाने ढळला आणि जगभर अनेक सर्व्हरांचे प्रोसेसर व्यर्थ फिरत राहिले. कोणतेही वाचन तुटलेले नव्हते, क्रमांकात कोठेही खोट नव्हती. सेकंदाहून कमी वेळ थांबायला सांगितलेले प्रोग्रॅम न थांबताच परत येऊ लागले, म्हणजे कृती फसली, आणि दोष त्यावरूनच कळला.